नऊ नंबरची जर्सी : सोलापूरकरांचे प्रश्न, आमची उत्तरं

फुटबॉलमधल्या स्ट्रायकरच्या, म्हणजे सर्वांत पुढे राहून गोल मारणाऱ्या, बहुधा नऊ नंबरची जर्सी घालणाऱ्या खेळाडूच्या कारकिर्दीबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांमधले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. विचारणारे बरेच जण अठराच्या आतले असल्यामुळे नावं छापलेली नाहीत.

आमचा मुलगा बारा वर्षांचा आहे. शाळेच्या सामन्यात दर वेळी दोन-तीन गोल मारतो. सर म्हणतात, हा स्ट्रायकरच होणार. त्याला आत्ताच पुण्या-मुंबईच्या अकादमीत टाकावं का? — एक पालक, जुळे सोलापूर

आत्ताच नको. आधी तो गोल कसे मारतो ते बघा. या वयात जी मुलं लवकर वाढीला लागतात, ती बरोबरीच्या मुलांना नुसत्या वेगावर मागे टाकतात. बॉल पुढे ढकलला, मागून पळत गेला, समोर ठेंगणा गोलकीपर, की झाला गोल. पंधरा-सोळाव्या वर्षी बाकीची मुलं उंचीत आणि वेगात त्याला गाठतात आणि मग हे चालत नाही. म्हणून पुढचे तीन-चार सामने वही घेऊन कडेला बसा. बॉल येण्याआधी तो मान वळवून मागे बघतो का? डावा पाय किती वेळा वापरतो? पाठीवर डिफेंडर असताना बॉल राखून सोबत्याला देता येतो का? क्रॉस, म्हणजे कडेनं गोलसमोर टाकलेला बॉल, येताना तो पळत गोलसमोरच्या बॉक्समध्ये शिरतो, की उभा राहून वाट बघतो? गोलांच्या आकड्यापेक्षा या नोंदी जास्त खरं बोलतात.

त्याला एकाच जागी जखडू नका. विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेनं, खेळू द्या, मधल्या फळीत खेळू द्या. याला व्यावहारिक कारण आहे. आपल्याकडच्या मोठ्या क्लबांत मधल्या स्ट्रायकरची जागा बहुधा परदेशी खेळाडूला जाते. आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, २०२४-२५ च्या हंगामात सर्वाधिक २३ गोल मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजराईचे होते. भारतीयांत सर्वांत पुढे होता सुनील छेत्री, १४ गोल, तेही चाळिशीत. म्हणजे भारतीय मुलाला सुरुवातीची संधी बऱ्याचदा विंगवर किंवा स्ट्रायकरच्या मागे मिळते. ज्याला फक्त नऊ नंबर खेळता येतो, तो बाकावर बसतो.

आता मुख्य मुद्दा. सोलापूरच्या मुलांकडे जिद्द आहे, सरावाला मैदान कसंबसं मिळतं, कमी पडतात ते सामने. स्ट्रायकरची नजर सामन्यातच तयार होते, कारण सरावात डिफेंडर जिवावर उदार होऊन पाय घालत नाही. शालेय स्पर्धेत दोन सामने हरले की वर्ष संपलं, अशी अनेक शाळांची स्थिती आहे. मुलाचे वर्षाला निदान तीस तरी खरे सामने व्हावेत, असं आमचं ठाम मत आहे. त्यासाठी शाळेसोबत एखाद्या क्लबकडूनही खेळवा. सुट्टीत कोल्हापूर गाठा. तिथे तालीम संघांच्या चुरशीमुळे मुलांना खेळायला आणि शाहू स्टेडियमवर बघायला भरपूर मिळतं. पुण्यातल्या साखळी स्पर्धेत एखाद्या संघात नाव लागलं, तर हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी जाऊन रात्री घरी येता येतं. अकादमीच्या महागड्या फीपेक्षा हा प्रवासखर्च कितीतरी अधिक कामाला येतो.

वाट साधारण अशी आहे : शालेय स्पर्धा आणि सुब्रतो कप ही शाळांची राष्ट्रीय स्पर्धा, जिल्हा संघ, मग राज्य संघाची निवड किंवा एखाद्या मोठ्या क्लबचा वयोगट संघ. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या पुढच्या फळीत खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या प्रबोधिनीतूनच वर आला. अधिकृत स्पर्धेत खेळताना अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या संगणकीय नोंदणीत मुलाचं नाव आणि जन्मतारीख बरोबर लागली आहे ना, हे स्वतः तपासा. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांत एका अक्षराचा फरक असला तरी आत्ताच दुरुस्त करून घ्या, निवडीच्या आदल्या दिवशी ते होत नाही. वय कमी दाखवण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसापासून लांब राहा. १७ वर्षांखालील स्पर्धांत मनगटाचा एमआरआय काढून हाडांची वाढ बघतात. आणि खोट्या वयावर लहान मुलांशी खेळलेल्याला मोठ्यांत खेळताच येत नाही, हे नुकसान वेगळंच.

सर, मी सोळा वर्षांचा आहे. गोलकीपरसमोर एकटा पोहोचतो आणि बॉल पोस्टवरून जातो. सरावात नीट बसतो, सामन्यात नाही. काय चुकतंय? — नेहरूनगर

बॉल वर जातो त्यात पहिला दोष टेकवलेल्या पायाचा असतो. धावत येताना बॉल पुढे पळत असतो आणि तुझा टेकवलेला पाय त्याच्या मागे पडतो. मग मारणारा पाय बॉलच्या खालच्या अंगाला लागतो आणि छाती मागे झुकते. टेकवलेला पाय बॉलच्या बाजूला, एक वीत अंतरावर पडला पाहिजे, बोटं जिकडे मारायचं तिकडे. पळता बॉल असेल तर पाय बॉलच्या किंचित पुढे टाकावा लागतो, कारण पाय फिरून येईपर्यंत बॉल तिथे पोहोचतो. गुडघा बॉलवर, घोटा घट्ट, आणि बॉल सुटेपर्यंत नजर बॉलवर. पोस्ट कुठे आहे हे त्याच्या आधीच्या पावलात बघून झालेलं असतं.

दुसरा दोष मैदानाचा, आणि तो तुझा नाही. आपल्याकडच्या मुरमाड, कडक जमिनीवर बॉल उसळतो. उसळी वर चढत असताना मारलास तर तो वरच जाणार. अर्धा क्षण थांब, बॉल खाली येताना मार. नाहीतर आधीच्या टचमध्ये तळव्यानं दाबून त्याला जमिनीवर आण. सरावाच्या बॉलमध्ये हवा किती आहे तेही बघ. नियमाप्रमाणे ८.५ ते १५.६ पीएसआय चालते. कडक मैदानावर ९ च्या आसपास ठेवा. पंपाला लावायचा गेज फार महाग नसतो, संघात एक असावाच. अंगठ्यानं दाबून हवा ठरवणाऱ्यांचा बॉल दगड झालेला असतो.

आता सामन्यातच का चुकतं? कारण सरावात तू बॉल ठेवून, श्वास घेऊन, वीस-पंचवीस मीटरवरून मारतोस. मैदानावर पोहोचल्याबरोबर पोरं लांबून फटके मारत सुटतात, हे रोजचं दृश्य आहे. सामन्यातले बहुतेक गोल बॉक्सच्या आतून, एका किंवा दोन टचमध्ये होतात. सराव त्याचाच हवा. फक्कीनं पेनल्टीच्या जागेभोवती, म्हणजे गोलरेषेपासून ११ मीटरवर, चार पावलांचा चौकोन आख. दोन्ही पोस्टच्या आत एक-एक मीटरवर कोन किंवा चप्पल ठेव. गोलपोस्टची रुंदी ७.३२ मीटर असते. मधले पाच मीटर तुझ्यासाठी नाहीतच असं समज, फक्त कडेच्या एक-एक मीटरच्या दारातून गेलेला बॉल मोजायचा, आणि तोही जमिनीलगतचा. गोलकीपरला पायाजवळून जाणाऱ्या बॉलसाठी खाली जाणं सर्वांत जड जातं.

मित्रानं कडेनं, कधी डावीकडून कधी उजवीकडून, मागे बॉल द्यायचा. तू चौकोनाबाहेरून पळत येऊन मारायचं. दहा फटके, मग ४५ सेकंद थांबा, असे सहा डाव. पहिले तीन डाव एका टचमध्ये, नंतरचे दोन दोन टचमध्ये, शेवटचा पूर्ण कमजोर पायानं. साठ फटके पुरे, आठवड्यातून तीनदा. त्याहून जास्त जोरकस फटके रोज मारलेस तर जांघेचा स्नायू धरतो आणि तो महिनोन्महिने सुटत नाही. प्रत्येक डावाचा आकडा लिहून ठेव. काही आठवड्यांनी एक डिफेंडर दोन मीटर मागून सोडा, तेव्हा आकडा निम्म्यावर येईल. तो निम्मा आकडा म्हणजे तुझी खरी पातळी.

गोलकीपर पुढे येतोय तोवर लवकर मार, कारण पळणाऱ्या माणसाला बाजूला झेप घेता येत नाही. तो थांबून पाय रोवून उभा राहिला तर शेवटचा टच जरा बाजूला, फार तर एक-दीड मीटर, आणि लांबच्या पोस्टला पायाच्या आतल्या बाजूनं सरकव. ताकद तिथे लागत नाही.

माझी उंची ५ फूट ५ इंच आहे. स्ट्रायकर होता येईल का? — बार्शी

येईल. छेत्रीची उंची साधारण ५ फूट ७ इंच आणि त्यानं डोक्यानं मारलेले गोल भरपूर आहेत. उडीची वेळ आणि डिफेंडरच्या पुढे घुसण्याची सवय यावर हेडर ठरतं. मात्र लांब बॉल टाकून खेळणाऱ्या संघात तुला त्रास होईल. जमिनीवरून खेळणारा संघ निवड.

मी दर सामन्यात चार-पाच वेळा ऑफसाइड होतो. सर ओरडतात. कुठे उभं राहायचं? — मोहोळ

कुठे उभं राहायचं यापेक्षा कधी निघायचं, हा खरा प्रश्न आहे. ऑफसाइड म्हणजे बॉलच्या आणि समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असणं, आणि ती ठरते सोबत्याचा पाय बॉलला लागतो त्या क्षणी. तू सेकंदाला ७ मीटर पळतोयस आणि डिफेंडर ३ मीटर वेगानं वर येतोय, तर पाव सेकंदात तुम्हा दोघांत अडीच मीटरचं अंतर पडतं. लाइन्समनला तू उघडउघड पुढे दिसतोस. म्हणजे चूक पाव सेकंदाची असते.

बॉल देणाऱ्याकडे बघ. तो मान खाली घालून पाय मागे नेतो, तेव्हा निघायचं. मान वर असेपर्यंत थांब. आणि सरळ रेषेत पळू नकोस. आधी दोन-तीन पावलं बॉलच्या दिशेनं ये, डिफेंडर मागे चिकटेल, मग त्याच्या पाठीमागच्या बाजूनं कमानीसारखं वळून निघ. कमानीत पळताना काही क्षण तू डिफेंडरांच्या ओळीला समांतर असतोस, त्यामुळे वेग मिळतो आणि ऑफसाइड टळते. उभं राहायचं ते अशा डिफेंडरच्या खांद्यामागे, ज्याला तू आणि बॉल एकाच नजरेत दिसणार नाहीत. पाय अर्धे गोलकडे वळलेले.

थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवर थेट ऑफसाइड नसते, स्वतःच्या अर्ध्या मैदानातही नसते. हात मोजत नाहीत. आपल्याकडच्या सामन्यांत थ्रो-इनच्या वेळी निम्मे फॉरवर्ड उगाच मागे येऊन उभे राहतात. तिथे बिनधास्त डिफेंडरच्या मागे जा.

पाच सामने झाले, एकही गोल नाही. सरांनी बाहेर बसवलं. माझं काय बिघडलं? — मंगळवेढा

बहुधा काहीच नाही. सर्वसाधारणपणे गोलच्या दिशेनं मारलेल्या दहा फटक्यांत एक गोल होतो. पाच सामन्यांत तू बारा फटके मारले असशील, तर चांगलं खेळूनही एकही गोल न होण्याची शक्यता जवळपास २८ टक्के निघते. गोल सोड, फटके मोज. बॉक्सच्या आतून सामन्यामागे दोन-तीन फटके होत असतील तर खेळ तसाच चालू ठेव, हे सरांनाही वही दाखवून सांग. फटकेच होत नसतील तर मात्र तुझी जागा किंवा तुझं पळणं चुकतंय, आणि मग वरचं ऑफसाइडचं उत्तर पुन्हा वाच.

मुलगा तेरा वर्षांचा. खेळून आल्यावर टाच आणि गुडघ्याखालचं हाड दुखतं म्हणतो. स्टड महागाचे घेतले आहेत. — सात रस्ता

महागाचे म्हणजे बहुधा गवतासाठीचे लांब, कडक स्टड. ते मुरमात रुतत नाहीत, त्यामुळे सगळा दाब चार-सहा टोकांवर येतो. आपल्या मैदानांसाठी बारीक रबरी गुठळ्यांचे, टर्फवर वापरतात तसे बूट घ्या. अंगठ्यापुढे अर्ध्या बोटाची जागा हवी, त्याहून जास्त नको. दोन नंबर मोठे बूट घेऊन पुढे मोजे कोंबणं बंद करा.

या वयात टाचेच्या आणि गुडघ्याखालच्या वाढीच्या जागी दुखणं बऱ्याच मुलांत असतं. दोन-तीन आठवडे पळणं-उड्या कमी केल्या, पोटरीला आणि मांडीला ताण दिला, बर्फ लावला की उतरतं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सूज किंवा लंगडणं असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वेदनाशामक गोळी देऊन सामना खेळवू नका.

वय १७, वजन ५८ किलो, शाकाहारी. प्रोटीन पावडर घ्यावी का? आणि इथल्या उन्हात सराव कसा करू? — अक्कलकोट

पावडरीवाचून भागतं. वजनाच्या किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तुला रोज ९३ ग्रॅमच्या आसपास लागतील. चार ज्वारीच्या भाकऱ्यांतून वीसेक ग्रॅम, अर्धा लिटर दुधातून सोळा, शंभर ग्रॅम कोरड्या मटकीतून किंवा हरभऱ्यातून वीस-बावीस, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून बारा-तेरा, डाळीतून दहा-अकरा. शंभर ग्रॅम पनीरचे आणखी अठरा. शेंगाचटणी इथे नुसती तोंडीलावणं नाही, खेळाडूचं खाणं आहे.

फक्त सामन्याआधी ती नको. तेल, तिखट, शेंगदाणे आणि भाकरीचा चोथा पोटात रेंगाळतो, आणि दुसऱ्या हाफमध्ये तुझी बाजू भरून येते ती त्यानंच. सामन्याच्या तीन तास आधी वरण-भात, इडली किंवा कमी तेलाचे पोहे, तासभर आधी एक केळं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सामना संपल्यावर, मनसोक्त.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो. सराव सकाळी साडेआठच्या आत उरका. सुट्टीनंतर पहिले दहा-बारा दिवस वेळ आणि जोर हळूहळू वाढवा, शरीराला उन्हाची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. सरावाआधी आणि नंतर वजन कर. एक किलो घटलं म्हणजे साधारण लिटरभर घाम गेला, पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी भरून काढायचं. जास्त घाम गेला असेल तर ओआरएसचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासात अंदाजानं टाकू नकोस, प्रमाण बिघडतं.

सोबतचा मुलगा झोकांड्या खायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, तर घाम येत असला तरी तो उष्माघात समजा. कपडे सैल करून अंगावर गार पाणी ओतत राहा, वारा घाला, बर्फ मिळाला तर तोही वापरा, आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवा. पाणी पाजत बसून वेळ घालवू नका.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, पुढे खेळते, मुलांनाही चकवते. मुलींना यात भवितव्य आहे का? गुडघ्याची भीती वाटते. — एक आई, पंढरपूर

ताई, भवितव्य आहे, पैसा अजून मुलांच्या मानानं बराच कमी आहे. दोन्ही गोष्टी मान्य करून चाला. महिलांची राष्ट्रीय लीग २०१६-१७ पासून चालू आहे. स्ट्रायकर बाला देवीनं २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबशी करार केला, मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. जुलै २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात हरवून २०२६ च्या आशियाई चषकाचं तिकीट मिळवलं. तुमच्या भागात मुलींचा पूर्ण संघ होत नसेल तर तिला मुलांबरोबरच सराव करू द्या, तिचा टच त्यानं वेगवान होईल.

गुडघ्याची भीती रास्त आहे. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींत मुलांपेक्षा दुपटी-तिपटीनं जास्त असतं, आणि बहुतेक वेळा कुणी धक्का न मारता, उडीवरून उतरताना किंवा वळताना तो तुटतो. घरी तपासता येईल : तिला पायरीवरून खाली उडी मारून लगेच वर उडी मारायला सांगा आणि समोरून मोबाइलवर चित्रीकरण करा. उतरताना गुडघे आत एकमेकांकडे झुकत असतील तर काम करायला हवं. गुडघे पावलांच्या रेषेत ठेवून बसका, एका पायावर तोल, आणि घोटे कुणीतरी धरून गुडघ्यांवरून हळूहळू पुढे झुकण्याचा नॉर्डिक व्यायाम, पाच-पाचचे दोन डाव. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेनं तयार केलेला ‘इलेव्हन प्लस’ हा वीस मिनिटांचा वॉर्मअप यासाठीच आहे. आठवड्यातून निदान दोनदा, सातत्यानं केला तर दुखापती लक्षणीय कमी होतात. तिच्या सरांना तो सगळ्या संघाकडून करून घ्यायला सांगा, मैदानाला दोन फेऱ्या मारणं म्हणजे वॉर्मअप नव्हे.

शस्त्रक्रियेची वेळ कुणावर आलीच, तर नऊ महिन्यांच्या आत सामना नाही. सहाव्या महिन्यात पाय बरा वाटतो, आणि तिथेच घात होतो. शिवाय वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासा. ‘हल्ली लवकर दमते’ म्हणून ज्या मुलींना बाहेर बसवतात, त्यांतल्या अनेकींना फक्त लोह कमी असतं.

मी अठरा वर्षांचा. एका एजंटनं युरोपातल्या क्लबची ट्रायल देतो म्हणून तीन लाख मागितले आहेत. व्हॉट्सॲपवर क्लबचं पत्रही आलंय. वडील शेत गहाण ठेवायला तयार आहेत. काय करू? — करमाळा

पैसे देऊ नकोस. शेताला हात लावू देऊ नकोस.

ज्या क्लबला खेळाडू हवा असतो तो त्याच्याकडून पैसे घेत नाही. तो आधी सामन्यांची चित्रफीत मागतो, आणि ट्रायलचं पत्र क्लबच्या अधिकृत ईमेल पत्त्यावरून येतं. व्हॉट्सॲपवरचं पत्र, साधा जीमेल पत्ता, पर्यटक व्हिसा, ‘जागा दोनच उरल्यात’ ही घाई : यातलं एक जरी दिसलं तरी विषय संपला. पडताळायचं असेल तर क्लबच्या संकेतस्थळावरचा संपर्क स्वतः शोधून तिथे विचार, एजंटनं दिलेल्या क्रमांकावर नाही. एजंटला फिफाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर आहे. आणि हे भावाच्या मित्रांनाही सांग : अठराच्या आतल्या खेळाडूची परदेशी क्लबकडे बदली करायला काही मोजके अपवाद सोडले तर फिफाची बंदीच आहे.

आणखी एक गफलत होते. मोठ्या क्लबच्या नावानं चालणारी फी भरायची अकादमी वेगळी आणि त्याच क्लबचा वयोगट संघ वेगळा. फी भरून जर्सी मिळते, संघात जागा मिळत नाही.

खरा करार समोर आला तर तो वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. मुदत बघ : अठराच्या आत तीन वर्षांपेक्षा आणि एरवी पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार फिफाच्या नियमात बसत नाही. दुखापत झाली तर उपचाराचा खर्च आणि त्या काळातला पगार कोण देणार, हे लिहिलेलं हवं. ‘वैद्यकीय तपासणी पास झाल्यास करार लागू’ ही अट नियमबाह्य आहे, तपासणी सहीच्या आधी करायची असते. मुदत वाढवण्याचा हक्क फक्त क्लबला देणारं कलम असेल तर काढायला लाव. दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबला लेखी कळवून किमान पंधरा दिवसांची मुदत देता येते, आणि तरीही पैसे आले नाहीत तर करार मोडायला ते सबळ कारण ठरतं. म्हणून प्रत्येक पगाराची बँकेतली नोंद आणि प्रत्येक ईमेल जपून ठेव. कराराची सही-शिक्क्याची एक प्रत तुझ्या घरी असलीच पाहिजे.

पगार वर्षभर येईलच असं धरूनही चालू नकोस. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा हंगाम आयोजकांनी थांबवून ठेवला, कारण महासंघाबरोबरचा त्यांचा करार संपत आला होता. काही क्लबांनी खेळाडूंचे पगारही रोखले. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला असेपर्यंत मोटारसायकलसुद्धा हप्त्यावर घेऊ नये.

मी एकवीस वर्षांचा, बी.कॉम. झालोय. उशीर झाला का? इंग्लंडचा स्ट्रायकर वार्डी तर पंचविशीत मोठा झाला. — विजापूर रोड

जेमी वार्डीला सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडे क्लबनं लहानखोरा म्हणून सोडून दिलं, तो २०१२ मध्ये लेस्टर क्लबकडे आला, २०१६ मध्ये इंग्लंडचा विजेता झाला आणि २०१९-२० मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, २३ गोल मारून लीगमध्ये अव्वल ठरला. हे सगळे सांगतात. मधल्या वर्षांत खालच्या लीगमध्ये त्याला आठवड्या-आठवड्याला पूर्ण ताकदीचा सामना मिळत होता, हे कुणी सांगत नाही. तुम्हाला तसे सामने मिळाले आहेत का? मिळाले नसतील तर दोन हंगाम पुणे, मुंबई किंवा कोल्हापूरच्या वरच्या गटात खेळून बघा, काम शोधून तिथे राहा, आणि संतोष करंडकाच्या, म्हणजे राज्य संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, राज्य निवडीपर्यंत पोहोचता येतं का ते पाहा. तेविसाव्या वर्षापर्यंत तिथवर मजल गेली नाही, तर खेळावर पोट भरण्याचा बेत बदला. कठोर वाटेल, पण चौतिसाव्या वर्षी हे कळण्यापेक्षा बरं.

खेळ सोडायला मात्र कुणी सांगत नाही. रेल्वे आणि इतर खात्यांत खेळाडूंची भरती निघते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कुठल्या स्पर्धेचं, कितव्या क्रमांकाचं प्रमाणपत्र चालतं ते शासन निर्णयात नीट वाचा आणि विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी वेळेत करून घ्या. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात पडताळणीला धावणारे दर वर्षी मागे राहतात. आणि महासंघाचा ‘डी’ परवाना घेऊन प्रशिक्षक व्हायचा विचार आत्तापासून करा. स्ट्रायकरला पळणं शिकवू शकणारा माणूस सोलापुरातल्या प्रत्येक शाळेला हवा आहे.

पेनल्टी मारताना गोलकीपरकडे बघावं की नाही? मध्येच थांबलं तर चालतं का? — होटगी रोड

दोन्ही पद्धती चालतात, पण एकच निवडून तीच घोटा. जोरात मारलेला बॉल ११ मीटर अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो, म्हणून गोलकीपरला आधीच बाजू ठरवावी लागते. नवख्यानं बाजू आधी ठरवावी, कीपरकडे बघू नये आणि कंबरेखाली, पोस्टच्या आत अर्धा मीटर, जोरानं मारावं. शेवटच्या पावलावर कीपरला बघून उलट्या बाजूला सरकवण्याची पद्धत शांत डोक्याच्या आणि शेकडो वेळा सराव केलेल्या खेळाडूची आहे.

धावत येताना वेग कमी करणं, थबकणं नियमात बसतं. धाव पूर्ण झाल्यावर, पाय बॉलपाशी आणून हुलकावणी दिली तर गोल रद्द, पिवळं कार्ड आणि समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्रीकिक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत अशी किक. बॉल पोस्टला लागून तुमच्याकडेच परत आला तर पुन्हा मारू नका, आधी दुसऱ्या कुणाचा तरी स्पर्श व्हावा लागतो. कीपरच्या हाताला लागून आला तर मात्र झडप घाला.